‘माझ्यानं काहीच होत नाही’: जुना विचार धोक्याचा कधी होतो

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ २४ वर्षांचा. शाळेपासून ‘माझ्यानं काहीच होत नाही’, ‘मीच असा कसा’ असं बोलणारा. अडीच वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी केली, दोनदा पूर्वपरीक्षेतच अडकला आणि दिवाळीनंतर सामान घेऊन गावी परतला. आता दिवसभर माडीवरच्या खोलीत पडून असतो. परवा जेवताना म्हणाला, ‘मी नसतो तर तुमचे एवढे पैसे तरी वाचले असते.’ आई रडली, वडील चिडले. ताई विचारतात: असे विचार मुरलेला माणूस पुढेमागे आत्महत्या करतोच का? हे विचार बदलतात का? आणि आम्ही घरच्यांनी काय करायचं?

ताई, विचारांचं सविस्तर सांगतो, पण त्याआधी आजचं. ‘मी नसतो तर’ हे वाक्य कानावर पडलं की बोलण्याच्या ओघात आलं असेल म्हणून सोडून द्यायचं नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही एकट्या माडीवर जा, त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा: ‘तुला मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ ‘तू तसलं काही करणार नाहीस ना?’ असं विचारू नका. त्यात तुम्हाला कोणतं उत्तर हवंय ते त्याला आधीच कळतं आणि तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरेल ही भीती मी रोज ऐकतो. यावर झालेल्या अभ्यासांमध्ये तसं काही आढळलेलं नाही, उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं याचाच अनेकांना आधार वाटतो. जळगाव-धुळे पट्ट्यात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मी २२ वर्षं काम करतोय. हा प्रश्न विचारला म्हणून कुणी रागावल्याचं मला आठवत नाही. रडलेले पुष्कळ आठवतात.

आणि घरात जी बोली बोलता तीतच विचारा. माझ्याकडे येणारी मुलं पहिली दहा मिनिटं पुस्तकी मराठीत बोलतात: ‘सर, मला नैराश्य आलंय, एकाग्रता होत नाही.’ मी गप्प बसतो. मग कधीतरी आतलं वाक्य अहिराणीत बाहेर पडतं: ‘मना काय उपेग शे आते?’ (माझा आता काय उपयोग आहे?) ते वाक्य आलं की खरी तपासणी सुरू होते.

तो ‘हो’ म्हणाला, तर पुढचा प्रश्न, कसं आणि कधी याचा काही विचार केलाय का. त्यावरही ‘हो’ आलं, किंवा तो उत्तरच टाळू लागला, तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. रात्र असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका दिसला तर १०८ किंवा ११२. तुमचं घर शेतकऱ्याचं असेल तर फवारणीची औषधं आजच घराबाहेर हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याच्या घरी द्या. आई-वडिलांच्या गोळ्याही एकाच माणसाच्या ताब्यात असू द्या. यात त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटेल. त्याला सांगूनच करा: ‘हे दिवस जाईपर्यंत हे घरात नको.’ मरण्याची ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते. तिचा सगळ्यात वरचा भाग बहुतेक वेळा थोडा वेळच टिकतो. तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी उतरलं. तेवढ्या काळात लोकांची दुःखं काही ७० टक्क्यांनी कमी झाली नव्हती.

आता विचारांकडे वळतो.

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. या नोंदींमध्ये कारणांचा एक रकाना असतो: कौटुंबिक समस्या, आजारपण, कर्ज, परीक्षेतलं अपयश. पंचनाम्याला तेवढं पुरतं, पण माझ्या कामाला पुरत नाही. पूर्वपरीक्षेत दरवर्षी लाखो मुलं अडकतात. त्यांतली बहुतेक चार दिवस तोंड पाडून बसतात, मग पुन्हा अर्ज भरतात किंवा दुसऱ्या कामाला लागतात. एखादाच असतो ज्याला निकालाच्या यादीत ‘तुझा नंबर नाही’ एवढंच वाचता येत नाही. तो वाचतो, ‘तू कुणीच नाहीस.’ निकाल दोघांचा एकच. फरक आहे तो निकाल ज्या जमिनीत मुरतो तिच्यात.

आपल्याकडच्या काळ्या मातीतल्या गाडवाटा तुम्ही पाहिल्या असतील. पावसाळ्यात एकदा चाकोरी पडली की पुढची प्रत्येक गाडी तिच्यातच उतरते, हाकणाऱ्यानं बैल कितीही बाजूला ओढले तरी. उन्हाळ्यात ती माती दगडासारखी होते. मुरलेला विचार असाच असतो. लहानपणी माती ओली असताना तो पडतो. दरवेळी मोठ्या भावाशी केलेली तुलना, पाहुण्यांसमोर वाचून दाखवलेले मार्क, रंगावरून पडलेलं टोपणनाव, वर्गासमोर मारलेली थोबाडीत. कधी तर कुणी काहीच वाईट केलेलं नसतं. घरात आजारपण होतं, सगळ्यांचं लक्ष तिकडे, आणि पोरानं आपल्यापुरतं ठरवलं की आपल्याकडे बघण्यासारखं काही नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरॉन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांचं बोलणं बारकाईनं ऐकून मांडलं की या विचारांना तीन तोंडं असतात: मी वाईट, जग वाईट, पुढे येणारं वाईट. त्यांच्या परंपरेतल्या जेफ्री यंग यांनी लहानपणी घट्ट होणाऱ्या अशा १८ साच्यांची यादी केली. ‘माझ्यातच खोट आहे’, ‘मी अपयशीच होणार’, ‘माझं म्हणून कुणी नाही’ हे त्यांतले काही. तुमच्या भावाची शाळेपासूनची वाक्यं या यादीत जशीच्या तशी सापडतील.

पण एवढ्यावरून घाबरू नका. अशा चाकोऱ्या घेऊन लाखो माणसं आयुष्य काढतात, संसार करतात, म्हातारी होतात. त्यांतल्या फार थोड्यांच्या जिवाला धोका होतो. उलट, आधी अशी कुठलीच चाकोरी नसलेला माणूसही कर्जाच्या, भांडणाच्या किंवा दारूच्या एका रात्रीत टोकाला जाऊ शकतो. तेव्हा ‘करतोच का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. मुरलेला विचार म्हणजे कुंडली नव्हे. आत्महत्येच्या धोक्याचा अंदाज बांधू पाहणारे पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास २०१७ मध्ये एकत्र तपासले गेले. तेव्हा दिसलं की कुठलंही एकटं लक्षण घेऊन केलेलं भाकीत नाणं उडवण्यापेक्षा फारसं बरं ठरत नाही. म्हणून मी रुग्णाला अंदाजाचा आकडा सांगत नाही. बदल कुठे होतोय ते बघतो.

आणि बदल बघायचा म्हणजे हे: ‘मी नालायक’ हा तुमच्या भावाचा जुना विचार आहे. ‘माझं पुढे काही होणारच नाही’ हा नवा. ‘माझ्यामुळे तुमचं नुकसान होतंय’ हा त्याहून नवा. या तिन्ही वाक्यांत माझ्यासारख्याला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पहिल्यात माणूस स्वतःवर नाराज आहे. दुसऱ्यात त्याचं पुढचं दार बंद झालंय. तिसऱ्यात त्यानं स्वतःच्या मरणाला चांगुलपणाचा अर्थ दिलाय. आत्महत्येच्या विचारामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या २०७ जणांचा बेक यांनी दहा वर्षं मागोवा घेतला आणि तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळात त्यांतले १४ जण आत्महत्येनं गेले. ते गेले त्यांना वेगळं ओळखू येईल असं काय होतं हे तपासलं, तेव्हा नैराश्याच्या तीव्रतेपेक्षा हताशपणा मोजणाऱ्या प्रश्नावलीतला आकडा जास्त बोलका ठरला. दुःख किती आहे यापेक्षा ‘हे कधीच बदलणार नाही’ याची खात्री किती पक्की आहे, हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे ही खात्री ‘आते सगळं सरनं’ (आता सगळं संपलं) एवढ्या दोन-तीन शब्दांत बोलली जाते.

तिसऱ्या वाक्याबद्दल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये फार नेमकं मांडलं. मरणाची इच्छा तीव्र होते ती दोन भावना एकत्र आल्यावर: मी कुणाचाच नाही, आणि मी सगळ्यांवर ओझं आहे. ओझ्याची ही भावना खानदेशातल्या घरांत मला फार दिसते. कारण ती वाईट माणसांना होत नाही, जबाबदार माणसांना होते.

यावल-चोपड्याकडच्या केळी बागायतदारांचं उदाहरण सांगतो. दोन-तीन जणांचं मिळून सांगतोय आणि तपशील बदललेत, म्हणजे कुणाची ओळख पटू नये. पन्नाशीतले आप्पा. गावात शब्दाला मान, कधी कुणापुढे हात पसरला नाही. स्वतःबद्दल वाईट बोलताना घरच्यांनी त्यांना आयुष्यात ऐकलं नव्हतं. मे महिन्याच्या वादळात याआधी दोनदा बाग आडवी झाली होती, दोन्ही वेळा ते दुसऱ्या दिवशी बागेत उभे होते. तिसऱ्या वेळी मात्र त्याच वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ट्रॅक्टर चालवता येत नव्हता, आणि मुलगा कंपनीतल्या पगारातून घर चालवू लागला होता. मुलानं एकदाही टोमणा मारला नाही. तरी आप्पा जेवायला बसले की अर्ध्या भाकरीवर हात धुवायचे. विचारलं तर म्हणायचे, भूक नाही. खरं कारण पाचव्या भेटीत कळलं. ‘आयतं खाणाऱ्याला पोटभर खायचा हक्क नसतो,’ असं त्यांच्या वडिलांचं वाक्य होतं, आणि ते वाक्य आप्पांनी चाळीस वर्षं इतरांना नाही, फक्त स्वतःला लावलं होतं.

ही चाकोरी वरून दिसत नाही, कारण तिला अट जोडलेली असते: मी कमावतो तोवर मला किंमत आहे. अट पूर्ण होत असते तोवर तो माणूस आपल्याला कर्तबगार, खंबीर दिसतो, आणि असतोही. अट मोडली त्या दिवशी खालचं उघडं पडतं. म्हणून ‘तो किती खंबीर होता, त्याला काय झालं’ या आश्चर्याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. तुमच्या भावाची अट बहुधा ‘घरच्यांनी खर्च केलेला पैसा मी फेडला तर’ अशी असावी. पुण्याची खोली, मेस, क्लास, त्यासाठी विकलेला कापूस. तो आकडा त्याला पाठ असेल, विचारून बघा.

बायकांमध्ये हेच वेगळ्या शब्दांत येतं. ‘मरावंसं वाटतं’ असं त्या क्वचितच म्हणतात. ‘देवानं उचलावं आता’, ‘डोळे मिटले की सुटले’, ‘कंटाळा आला जिवाला’ असं म्हणतात, आणि घर त्याला बोलायची पद्धत समजतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या सगळ्या लेकी माहेरी आल्यात आणि आपल्याला न्यायला कुणी येणार नाही, हे वरवर लहानसं दुःख असतं. ‘आपलं कुणी नाही’ ही चाकोरी जिच्या मनात आधीच आहे तिला ते लहान राहत नाही. सणाच्या पुढच्या आठवड्यात माझ्याकडे अशा बायका जास्त येतात.

जुना विचार इतकी वर्षं झोपलेला असतो, मग अचानक एवढा जोर कुठून करतो, असं तुम्ही विचाराल. मन उदास झालं की त्या उदासीच्या काळातल्या जुन्या आठवणी आणि जुने निष्कर्ष आपोआप वर येतात. मन बरं असताना ते आठवतसुद्धा नाहीत. आणि ज्याला नैराश्याचा झटका आधी येऊन गेलाय त्याच्यात हे वर येणं दरवेळी सोपं होत जातं, थोड्याशा उदासीनंही चाक घसरतं. त्यात रात्रीची झोप गेली की माणूस तोच तो विचार दळत बसतो. दळल्यानं काही सापडेल असं त्याला वाटत असतं, पण प्रत्येक फेरीला चाकोरी खोल होते. दारू असेल तर आणखीच. ती दुःख कमी करत नाही, फक्त हात आवरणारी गोष्ट काढून घेते.

आणखी एक गोष्ट घडते, जी घरच्यांना माहीत नसते. आठवण बोथट होते. मार्क विल्यम्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात दाखवलं की आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांना एखादा विशिष्ट चांगला दिवस आठवायला सांगितलं तर ते एक ठरावीक प्रसंग सांगू शकत नाहीत. ‘गावी असताना बरं वाटायचं’ असं ढोबळ काहीतरी सांगतात. मी हे रोज बघतो. आणि ज्याला मागचे मार्ग बारकाव्यानं आठवत नाहीत त्याला पुढचे मार्गही सुचत नाहीत. कारण अडचणीतून बाहेर कसं पडायचं हे आपण मागच्या वेळच्या तपशिलांतूनच उचलतो. घरच्यांना वाटतं, एवढा शिकलेला पोरगा, याला साधा पर्याय कसा दिसत नाही! दिसत नाही, ताई. नाटक करत नसतो तो. त्या दिवसांत त्याची नजर खरोखर अरुंद झालेली असते.

म्हणून मी तपशील विचारत बसतो. एका मुलाला असंच विचारलं होतं, गेल्या पाच वर्षांतला एक बरा दिवस सांग. ‘नाहीच.’ बरं, हिवाळ्यात मळ्यात भरीत केलं होतं का कधी? ‘करतात सगळेच.’ शेवटचं कुणाच्या मळ्यात? खूप वेळानं, मामांच्या. वांगी कुणी भाजली? मीच, तुरकाट्यांवर. कुणाबरोबर? मिरच्या कुणी ठेचल्या? किती वाजता घरी गेलात? अर्ध्या तासानं तो मला सांगत होता की धुरानं डोळे चुरचुरत होते आणि धाकटी मामेबहीण त्याच्या पाठीला टेकून झोपून गेली होती. तो बरा झाला असं नाही. पण ‘कधीच नाही’ या शब्दांत एक फट पडली. हे तुम्हीही करू शकता, उपदेश न करता, नुसतं विचारून. मात्र वर सांगितलेला सरळ प्रश्न आधी, हे नंतर.

काय बोलू नये तेही सांगतो, कारण माझा जास्त वेळ तेच निस्तरण्यात जातो. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणजे चाकोरीत अडकलेल्या गाडीवानाला ‘अरे, बाजूनं हाक की’ म्हणणं. त्याला तेच तर जमत नाहीये, आणि आता तेही न जमल्याचा दोष त्याच्यावर आला. ‘लोकांची दुःखं बघ’ यानं त्याला फक्त लाज वाटते. आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य, ‘आईबापाचा तरी विचार कर’, ते तर उलटं बसतं. तो आईबापाचाच विचार करतोय. त्याच्या हिशेबात तो नसण्यानं तुमचं भलं होणार आहे. हा हिशेब चुकलाय हे वाद घालून पटत नाही. त्यापेक्षा वडिलांनी एवढंच म्हणावं: ‘पैसे गेले त्याचं मला वाईट वाटलं होतं, खोटं बोलणार नाही. पण तू घरात नसशील तर मला हे घर नको.’ वडिलांना एवढं बोलणं जड जाईल. आपल्याकडच्या बापांना शेवभाजीची वाटी पोरापुढे सरकवता येते, बोलता येत नाही. मग वाटी सरकवू द्या, आणि बोलायचं काम तुम्ही करा. विचाराशी भांडू नका, त्याच्या यातनेला नाव द्या: ‘तुला स्वतःचा इतका वीट आलाय हे मला माहीत नव्हतं. किती दिवसांपासून?’ आणि मग ऐका. तो गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा, पण उठू नका.

उपचारांबद्दल. हो, हे विचार बदलतात. २००५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्येचा प्रयत्न करून तातडीच्या विभागात आलेल्या १२० जणांपैकी निम्म्यांना विचारांवर काम करणाऱ्या उपचाराच्या दहा बैठका दिल्या. पुढच्या १८ महिन्यांत या गटातल्या २४ टक्के लोकांनी पुन्हा प्रयत्न केला, बाकीच्या गटात ४२ टक्क्यांनी. दहा बैठका म्हणजे काही जन्मभराचं काम नव्हे. पहिल्या टप्प्यात आम्ही चाकोरी बुजवायला जात नाही. शेवटचा प्रसंग घटकाघटकानं उलगडतो: निकाल किती वाजता बघितला, त्यानंतर कोणता विचार आला, मग शरीरात काय झालं, कुठे बसला होतास, कुणाचा फोन उचलला नाहीस. त्यातून कुठल्या वळणावर चाक घसरतं ते त्याला स्वतःला दिसतं. ‘मी नालायक आहे’ याऐवजी ‘मला आता पुन्हा मी नालायक असल्याचा विचार येतोय’ असं म्हणता येणं, हा माझ्या मते सगळ्यात मोठा टप्पा. पहिल्या वाक्यात तो विचाराच्या आत आहे, दुसऱ्यात बांधावर उभा राहून त्याच्याकडे बघतोय. लहानपणच्या साच्यांवरचं काम त्यानंतर, आणि त्याला महिने लागतात, काहींना वर्ष-दोन वर्षं. चाकोरी पूर्ण पुसली जात नाही. चाक उतरलं की लवकर कळतं आणि बाहेर काढता येतं.

पहिल्याच भेटीत आम्ही एक कागद लिहितो, रुग्णाच्या हातानं, त्याच्या शब्दांत. लाट चढतेय हे मला कशावरून कळतं (‘मी हिशेब करायला लागतो’). एकट्यानं काय करू शकतो (‘गायींना पाणी पाजायला जातो’). कुणाजवळ जाऊन बसू शकतो, काही न सांगता (‘चौकातलं सायकलचं दुकान’). कुणाला सांगू शकतो (इथे तुमचा नंबर असावा). डॉक्टरांचा आणि १४४१६ हा नंबर. आणि घरातून काय बाहेर ठेवलंय. कागद वहीत नको, मोबाईलच्या कव्हरमध्ये. तातडीच्या विभागातून घरी जाणाऱ्यांना असा कागद आणि पाठोपाठ चौकशीचे फोन दिल्यावर पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळल्याचं २०१८ च्या अभ्यासात दिसलं. कागदाइतकंच महत्त्व त्या फोनला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत केलेल्या अभ्यासात आपलं चेन्नईही होतं. प्रयत्नातून वाचलेल्यांशी एक तास बोलणं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा संपर्क, एवढ्यावर आत्महत्येनं होणारे मृत्यू २.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आले. ‘कसा आहेस?’ विचारणाऱ्या फोनची किंमत मी त्यानंतर कधीच कमी मानली नाही.

औषधं लागतील की नाही हे तपासल्यावर ठरेल. लागली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. असर दिसायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. आणि २५ वर्षांखालच्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात. तुमचा भाऊ २४ चा आहे, म्हणून पहिला महिना दर आठवड्याला भेट आणि घरच्यांची नजर हवी. याला घाबरून औषध टाळू नका, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच बंदही करू नका. नजर ठेवण्याचा आणखी एक प्रसंग म्हणजे अचानक आलेली शांतता. आठवडाभर तळमळणारा माणूस काही कारण नसताना एकदम निवांत झाला, स्वतःच्या वस्तू वाटू लागला, सगळ्यांना भेटून येऊ लागला, तर सुटल्याचा निःश्वास टाकू नका, त्या दिवशीच त्याला घेऊन या.

घरचे कुणी आधी भगताकडे जाऊ म्हणतील. सातपुड्याच्या पायथ्याशी मी याच्याशी भांडणं कधीच सोडून दिलंय. जायचं तर जा, धागा बांधा, पण त्याच दिवशी माझ्याकडेही या. आणि पोलीस केस होईल म्हणून काही लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य मानलंय. जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात उरलेलंही नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की लहानपणी तुमचे मार्क दाखवून घरात त्याला बोललं जायचं, आणि आता ते तुमच्या छातीवर बसलंय. ताई, त्या घरात तुम्हीही लेकरूच होतात. ती चाकोरी तुम्ही पाडलेली नाही. पण त्याला ते एकदा म्हणून दाखवा, ‘तुला माझ्यावरून बोलायचे ते मला आवडायचं नाही.’ कदाचित हे त्याला आजवर कुणीच सांगितलेलं नसेल.

आज रात्री त्याला विचारा. उत्तर काहीही आलं तरी या आठवड्यात त्याला तपासणीला घेऊन या. येत नाही म्हणाला तर ‘माझ्यासाठी एकदा चल’ म्हणा. तरीही आला नाही, तर तुम्ही एकट्या या.